टीओडी दराची एचटी जोडणी: उद्यमबागच्या फौंड्रीला कितपत परवडते?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात इंडक्शन भट्टी लावायची म्हटलं की ११ केव्हीची एचटी, म्हणजे उच्च दाबाची, जोडणी आली, आणि तिच्या पाठोपाठ टीओडी, म्हणजे घड्याळाप्रमाणे बदलणारा दर आला. फौंड्रीवाल्यांच्या तोंडी याबद्दल एकच वाक्य असतं: "रात्री ओता, एक रुपया सुटतो." हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. या दराकडे एक सेवा म्हणून पाहिलं तर ती चांगली आहे. मात्र तिच्यातली बचत युनिटमागे पैशा-रुपयाने जमते आणि डिमांडच्या, म्हणजे एकदम ओढलेल्या कमाल भाराच्या, एका पाव तासात निघून जाते. म्हणून हा रिव्ह्यू दरापेक्षा बिलाचा जास्त आहे.

आधी ढाचा. कर्नाटकात एचटी उद्योगांसाठी वर्षानुवर्षं चालत आलेली विभागणी अशी: संध्याकाळी ६ ते रात्री १० युनिटला एक रुपया जादा, रात्री १० ते सकाळी ६ एक रुपया सूट, मधला दिवस मूळ दराने. सकाळी सहानंतरचे तीन-चार तासही अलीकडच्या आदेशांनी जादा दरात ओढले आहेत. वेळा आणि महिने दर आदेशागणिक हलतात, त्यामुळे दर एप्रिलमध्ये नव्या बिलावरचे टप्पे वाचून पाळ्या लावाव्यात. मागच्या वर्षीचा कागद भिंतीवर तसाच चिकटलेला असतो आणि भट्टी त्यावरच चालते, हे फार ठिकाणी दिसतं.

हे टप्पे कुठून आले ते कळलं, तर पुढे ते कुठे सरकणार याचाही अंदाज येतो. बेंगळुरूच्या राज्य भारप्रेषण केंद्रात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्यात मागणी किती आणि ती कोणत्या केंद्रातून भागवायची, हे ठरतं मेरिट ऑर्डरने. औष्णिक केंद्राचा दर दोन भागांत असतो. स्थिर आकार केंद्र चाललं काय, थांबलं काय, द्यावाच लागतो. म्हणून रांग लागते ती फक्त बदलत्या खर्चाची, म्हणजे मुख्यतः कोळशाची. समजा तीन केंद्रांचा बदलता खर्च ३.२०, ४.१० आणि ५ रुपये आहे. मग आधी पहिलं पूर्ण भरायचं, मग दुसरं, आणि तिसऱ्याला तेव्हाच हात घालायचा जेव्हा इलाज नसतो. त्या घडीला आणखी एक युनिट हवं असेल तर ते सगळ्यात शेवटी उचललेल्या केंद्राच्या भावाने पडतं. एकाच केंद्रातल्या दोन संचांनाही हेच लागू: दोघांचा पुढच्या युनिटचा खर्च सारखा होईपर्यंत भार एकाकडून दुसऱ्याकडे ढकलायचा.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण अशी की कोळशाचा संच बटन दाबून बंद-चालू होत नाही. ग्रिड कोडप्रमाणे तो ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो, त्याखाली ज्वाला टिकवायला तेल जाळावं लागू शकतं. वर चढताना मिनिटाला साधारण एक टक्का. येरमरसचा ८०० मेगावॅटचा संच ५५ टक्क्यांवरून पूर्ण भाराला यायला पाऊण तास घेतो. तेवढ्या वेळात कर्नाटकात सूर्य मावळलेला असतो आणि पावगड्याच्या सोलर पार्कचे २,००० हून जास्त मेगावॅट शून्यावर आलेले असतात. ही पोकळी भरतात शरावती आणि काळी नदीवरचं नागझरी. जलविद्युत पटकन उचलते आणि तिला इंधन लागत नाही. तरी ती फुकट नव्हे. सुपा धरणातलं आज संध्याकाळी सोडलेलं पाणी मे महिन्यात मिळणार नाही, आणि मे महिन्यात त्याच युनिटच्या जागी बाजारातून काय भावाने घ्यावं लागेल, तीच त्या पाण्याची आजची किंमत. वीज बाजाराची कमाल मर्यादा युनिटला १० रुपये आहे, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी भाव त्या छताला टेकतो. ६ ते १० चा जादा रुपया म्हणजे या सगळ्याची फारच पातळ सावली. भार हलवणाऱ्याला या संकेताचा उपयोग आहे, आणि तो योग्य दिशेला बोट दाखवतो.

रात्रीच्या सवलतीचं मात्र तसं नाही. ती त्या काळची आहे जेव्हा रात्री मागणी पडायची आणि संच ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ नयेत म्हणून कुणीतरी वीज घ्यावी असं वाटायचं. आता सगळ्यात स्वस्त वीज दुपारी असते. केंद्र सरकारच्या जून २०२३ च्या ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनी तर सरळ म्हटलं आहे की सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा, आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना पीकमध्ये (सर्वाधिक मागणीच्या तासांत) किमान १.२० पट. १० किलोवॅटवरच्या अशा ग्राहकांसाठी मुदत होती १ एप्रिल २०२४. सीमेपलीकडे महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकालाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत मिळते. नव्या गुंतवणुकीचा हिशेब करताना रात्रीचा रुपया दहा वर्षं टिकेल असं धरू नका. दुपारचा दर उतरेल यावर पैज लावणं जास्त शहाणपणाचं.

आता फौंड्रीचं गणित. ५०० किलोची, ३५० किलोवॅटची भट्टी धरा. बिडाच्या एका टनाला ६०० युनिट, म्हणजे एका हीटला (एका वितळणीला) ३०० युनिट आणि सुमारे ५५ मिनिटं. संध्याकाळच्या चार तासांत चार हीट, १,२०० युनिट. हे ओतकाम रात्री १० नंतर नेलं तर युनिटमागे दोन रुपयांचा फरक, दिवसाला २,४००, महिन्याच्या २५ दिवसांत ६०,०००. आता रात्रपाळीच्या दहा माणसांना प्रत्येकी १२० रुपये भत्ता धरा, ३०,००० गेले. उरले ३०,०००.

हेच चार हीट दिवसात, ६ च्या आत बसवता आले तर फरक एकच रुपयाचा, पण भत्ता शून्य. हातात तेच ३०,०००. शिवाय रात्री दोन वाजता डुलक्या देत लॅडल उचलायला नको. बहुतेक जण हा दुसरा हिशेब करतच नाहीत. अट एवढीच की भट्टीला दिवसात मोकळे तास हवेत. एकाच भट्टीवर दोन पाळ्या असतील तर सकाळी ९ ते ६ सलग वितळणं आणि ६ ते १० साचे भरणं, नॉकआउट (साचा फोडून माल काढणं), फेटलिंग (माल घासून साफ करणं), लायनिंगची (भट्टीच्या आतल्या अस्तराची) डागडुजी अशी अदलाबदल करावी लागते. इथे वाळू आडवी येते. ग्रीन सँडचे, म्हणजे ओल्या वाळूचे, साचे रात्रभर ठेवले की वरचा थर सुकतो, कडा झडतात आणि मालात वाळूचे डाग येतात. रसायनाने घट्ट केलेले सीओ-टू किंवा नो-बेकचे साचे टिकून राहतात. म्हणजे दराचा फायदा कोणाला, हे अर्धं तुमच्या साच्याच्या पद्धतीवर ठरतं.

६ ते १० भट्टी थांबवणार असाल तर ती रिकामी करून झाकण ठेवा. भरलेला धातू चार तास धरून ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय: धरून ठेवायलाही पीकच्या दरानेच युनिट जातात, वर धातूतला कार्बन उतरतो आणि १० वाजता पुन्हा जुळवणी करत बसावं लागतं. रिकामी, झाकलेली भट्टी चार तासांत गार पडत नाही, लायनिंगला फारसा धक्का बसत नाही. रात्रभर आणि रविवारभर बंद राहिलेल्या सिलिका लायनिंगची गोष्ट वेगळी. ५७३ अंशांच्या आसपास सिलिका आपलं रूप बदलते आणि फुगते, तिथून घाईने वर नेलं तर भेगा उघड्याच राहतात. सोमवारी सकाळी जादा दर चुकवायच्या नादात थंड भट्टी पूर्ण पॉवरवर टाकणाऱ्याने रॅमिंग मासचं (अस्तर ठोकायच्या मालाचं) बिलही मोजून ठेवावं.

आता डिमांड. खरा पैसा इथे आहे.

एचटी बिलात युनिटखेरीज केव्हीएवर मासिक आकार असतो. हिशेबापुरते केव्हीएला ३५० रुपये धरू. करारातली डिमांड ५५० केव्हीए. भट्टी ३५० किलोवॅट, काँप्रेसर ७५, सँड प्लांट ६०, शॉट ब्लास्ट ४०, पाण्याचे पंप आणि कूलिंग टॉवर ३०, क्रेन-दिवे १५. बेरीज ५७० किलोवॅट, ०.९५ पॉवर फॅक्टरला (ओढलेल्या केव्हीएतला प्रत्यक्ष कामाचा भाग) ६०० केव्हीए. रोज सगळं एकदम चालत नाही म्हणून ४८०-५०० वर भागतं. पण महिन्यात एकदा जरी सगळं मोजणीच्या एकाच पाव तासाच्या खिडकीत सापडलं, तर वरचे ५० केव्हीए दुप्पट दराने लागतात: ५० गुणिले ७०० म्हणजे ३५,०००. वर काढलेली महिन्याची निव्वळ बचत ३०,००० होती.

असं नेमकं कधी होतं? वीज जाऊन आल्यावर. पावसाळ्यात लाईन ट्रिप होते, वीस मिनिटांनी करंट येतो, भट्टीत अर्धवट वितळलेला माल असतो, काँप्रेसरची टाकी रिकामी, कूलिंगचं पाणी तापलेलं. सगळे एकदम धावतात आणि सगळी स्टार्टर बटनं दोन मिनिटांत दाबली जातात. मीटर क्षणाचा झटका मोजत नाही, सरासरी मोजतो. बहुतेक मीटरांत १५ मिनिटांची, काहींत ३० ची. डिस्प्ले स्क्रोल करून इंटिग्रेशन पिरियड बघून घ्या. म्हणजे मोटर सुरू होतानाचा सहापट करंट डिमांड वाढवत नाही, ती भीती निराधार आहे. वाढवतं ते पाव तास सगळं एकत्र चालणं. पुन्हा सुरू करण्याचा क्रम पॅनेलवर लिहून ठेवा: आधी कूलिंगचा पंप, मग भट्टी ६० टक्क्यांवर, काँप्रेसर अनलोडवर सुरू करून टाकी भरेपर्यंत भट्टी तिथेच, टाकी भरल्यावर भट्टी पूर्ण. सँड प्लांट आणि शॉट ब्लास्ट पुढच्या खिडकीत. ९० टक्क्यांवर भोंगा वाजवणारा डिमांड कंट्रोलर लावला तर उत्तम. पण भोंगा वाजल्यावर नक्की काय बंद करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तो नुसता वाजतो.

कराराची डिमांड वाढवून ठेवणं हा आळशी उपाय. प्रत्यक्ष नोंद कमी आली तरी करारातल्या डिमांडच्या ठरावीक टक्क्यांवर आकारणी होतेच. मागच्या बारा बिलांतली नोंदलेली डिमांड एका ओळीत लिहा. दोन-तीनच महिन्यांत उडी असेल तर क्रम सुधारा, दर महिन्याला असेल तर करार वाढवा.

पॉवर फॅक्टरबद्दल. एचटीला ०.९० च्या खाली गेलात की प्रत्येक ०.०१ ला युनिटमागे ३ पैसे दंड, ही कर्नाटकातली जुनी रीत. ०.८४ आला तर १८ पैसे, ९०,००० युनिटच्या बिलावर १६,२००. डायोड रेक्टिफायरच्या भट्टीला पूर्ण भारावर ०.९५ मिळतो. थायरिस्टरने व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भट्टीचा कमी पॉवरवर तो बराच घसरतो. त्यामुळे वर सांगितलेलं ६० टक्क्यांचं चालवणं मिनिटांपुरतंच ठेवायचं, तासभर नव्हे.

पॉवर फॅक्टर सुधारायला कॅपॅसिटर बँक घेताना गल्लत ठरलेली. सहा-पल्स भट्टी पाचवी आणि सातवी हार्मोनिक सोडते, म्हणजे ५० हर्ट्झच्या पाचपट-सातपट लहरी, २५० आणि ३५० हर्ट्झ. साधे कॅपॅसिटर लावले तर ट्रान्सफॉर्मरशी त्यांचा अनुनाद नेमका या भागात येऊ शकतो: कॅपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, आणि दोष "माल हलका" म्हणून दुकानदारावर जातो. ७ टक्के रिअॅक्टर असलेली बँक घ्या, ती १८९ हर्ट्झला जुळलेली असते आणि २५० च्या खाली राहते. मात्र रिअॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी चढतो, ४४० चा ४७३ होतो. म्हणून कॅपॅसिटर ५२५ व्होल्टचे लागतात. कोटेशनमध्ये रिअॅक्टर ७ टक्के आणि कॅपॅसिटर ४४० व्होल्ट असं लिहिलेलं दिसलं तर पुढे बोलायलाच नको. आणि ५२५ चा कॅपॅसिटर ४४० वर आपल्या पाटीवरच्या केव्हीएआरपेक्षा कमी देतो, जवळजवळ ७० टक्के. रिअॅक्टरमुळे त्यात थोडी भर पडते. स्टेज मोजताना हा हिशेब धरा.

ज्यांचा एक कारखाना उद्यमबागेत आणि दुसरा कागल किंवा गोकुळ शिरगावला आहे, त्यांनी दोन बिलं एका चष्म्याने वाचू नयेत. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून एचटीची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या एकूण केव्हीए-तासांवर, आहे. तिथे ०.९० ही उंबरठ्याची रेषाच नाही, ०.९९ वरून ०.९५ ला आलात तरी युनिटं वाढतात. रात्री भार नसताना कॅपॅसिटर तसेच चालू राहून फॅक्टर लीडिंग (उलट्या बाजूला) गेला तरी फटका. इकडे ०.९२ वर निवांत झोपणारा सुपरवायझर तिकडे महाग पडतो.

वीज मात्र दोन्हीकडे एकच. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाला समकालिक जोडली गेली, आणि आता नरेंद्र–कोल्हापूर लाईनही आहे. कागलला ४९.९५ हर्ट्झ असेल तर त्याच क्षणी मच्छेलाही तेवढेच. याचा थेट फायदा ग्राहकाला दिसत नाही, पण बिलातल्या एफपीपीसीए या ओळीत तो किंवा त्याचा अभाव उतरतो: इंधन आणि खरेदीच्या खर्चातला फरक काही महिन्यांनी युनिटमागे अधिक किंवा उणे लागतो. संध्याकाळी छताला टेकलेल्या भावाने घेतलेली वीज इथे सगळ्यांत वाटली जाते, दुपारी चालवणाऱ्यालाही. टीओडीवरचा आमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. शिस्तीने पीक टाळणाऱ्याला त्या ओळीत काहीच वेगळं मिळत नाही.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या साखर कारखान्यांचं सहवीजनिर्मितीचं पाणी वेगळंच. गाळप हंगामात बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज जवळच्याच सबस्टेशनला येते, लांबून वाहून आणण्यातला तोटा वाचतो आणि लाईनचा व्होल्टेज धरून राहतो. मे महिन्यात हे नसतं आणि पंपांचा भार असतो. त्या काळात ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायचा टप्पा) पाहावा. व्होल्टेज ५ टक्के पडला की भट्टीची पॉवर जवळपास १० टक्के घसरू शकते, हीट लांबते आणि तेवढा जास्त वेळ उष्णता बाहेर जाते. टनामागे युनिटं वाढली की आधी भंगाराला नावं ठेवली जातात. टॅप बदलल्यावर पावसाळ्यात, व्होल्टेज वर आला की, तो परत आणायला विसरू नये. नाहीतर कॅपॅसिटर आणि ड्राईव्ह दोन्ही मार खातात.

शहापूर-वडगावच्या मागांना या दराशी फारसं घेणंदेणं नाही, त्यांचा भार तासांत हलत नाही. सीएनसी आणि हायड्रॉलिक्सच्या मशीनशॉपलाही तसंच: युनिटं कमी, माणसांचा तास महाग, पीक चुकवायला मशीन थांबवणं म्हणजे तोटाच. उष्णतेचा भार असलेल्यांनाच हा दर खरा उपयोगी: भट्टी, हीट ट्रीटमेंट, बर्फ कारखाना, शीतगृह. शीतगृहवाला तर दुपारी दोन अंश जादा खाली नेऊन ६ ते १० काँप्रेसर जवळजवळ बंद ठेवू शकतो.

बिल तपासताना चार गोष्टी. मीटरचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी ताडा. ते वीस मिनिटं मागे असेल तर दहाला सुरू केलेल्या हीटचा एक तृतीयांश अजून पीकमध्ये मोजला जातो. टीओडीच्या सगळ्या टप्प्यांची बेरीज एकूण युनिटशी जुळते का पाहा. गुणक तपासा: मीटरसाठी करंट कमी करणारा सीटी ३०/५ चा आणि व्होल्टेज कमी करणारा पीटी ११,०००/११० चा असेल तर सहा गुणिले शंभर, ६००. सीटी बदलला आणि गुणक जुनाच राहिला तर पुढचे सगळे आकडे त्याच पटीत चुकतात. आणि कमाल डिमांड कोणत्या तारखेला, किती वाजता नोंदली ते मीटरमधून काढून त्या दिवशीच्या भट्टीच्या लॉगबुकशेजारी ठेवा. लॉगबुकात करंट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायची सवय नसेल, तर ती आधी लावावी लागेल.